वच्छोम : वाशिमचे रंगस्थान कुठे शोधावे?

जुनी नाट्यगृहे पाहायची म्हटली की इतिहासाची आवड असलेला तरुण मुंबईची वाट धरतो. चर्नी रोडजवळ रॉयल ऑपेरा हाऊस उभे आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या भेटीच्या वेळी त्याचे उद्घाटन झाले आणि बरीच वर्षे बंद राहून २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. ग्रँट रोडवर मात्र निराशा पदरी येते. जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर १८४६ मध्ये जे नाट्यगृह उभे राहिले आणि जिथे १८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी मुंबईकरांना नाटक दाखवले, ते आज जागेवर नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या, नकाशे आणि वर्तमानपत्रे असलेल्या काळातील वास्तूची ही गत. मग सोळाशे वर्षांपूर्वीच्या महानगराचे रंगस्थान कुठे शोधावे?

असे एक महानगर आजच्या वाशिम जिल्ह्यात होते. त्याचे संस्कृत नाव वत्सगुल्म, प्राकृत नाव वच्छोम. वाशिमच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला हे नाव क्वचितच भेटते. इंग्रजी अमदानीत 'बासीम' नावाचा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले. प्रशासनाच्या या येरझाऱ्यांपूर्वी दीड हजार वर्षे हे गाव एका राजघराण्याची राजधानी होते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांनाही नीट ठाऊक नव्हते.

ते कळले १९३९ मध्ये. वाशिमला एक ताम्रपट मिळाला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्यवर्षाच्या ३७ व्या वर्षी तो वत्सगुल्माहून दिला होता. वाकाटकांची एक शाखा नागपूरच्या बाजूला नांदत असताना दुसरी स्वतंत्र शाखा वाशिमहून राज्य करीत होती, ही गोष्ट या पत्र्यांनी पक्की केली. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. काळ इसवी सनाचे चौथे शतक. ताम्रपटाची एक गोष्ट नाटकाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावी. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे, पण दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात लिहिला आहे. ज्या राजधानीत सरकारी कागद प्राकृतात लिहिला जाई, तिथल्या रंजनाचीही भाषा बव्हंशी प्राकृतच असणार. स्वतः सर्वसेनाने 'हरिविजय' हे काव्य प्राकृतातच रचले. सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजातक आणतो, ती त्याची कथा. काव्य हरवले आहे. आनंदवर्धन, कुंतक, हेमचंद्र यांच्यासारख्या काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली म्हणून त्याचे नाव आणि थोडे अंश उरले.

नाट्यगृह हरवले, काव्य हरवले. पण एवढ्यावर शोध थांबवण्याचे कारण नाही, कारण वत्सगुल्माचे नाव ज्या ज्या ग्रंथांत येते, तिथे आसपास नाच, गाणे आणि प्रेक्षक हटकून आढळतात.

पहिला ग्रंथ वात्स्यायनाचे 'कामसूत्र'. त्यात वत्सगुल्माचा उल्लेख येतो तो तिथल्या राजपरिवाराच्या एका चालीविषयी. संदर्भ फारसा गौरवाचा नाही, आणि वाशिमकरांनी तो अभिमानाने मिरवावा असेही काही त्यात नाही. मात्र त्याच ग्रंथात नागरकाच्या दिनक्रमाचे वर्णन आहे आणि नाट्येतिहासाच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या ठरलेल्या दिवशी सरस्वतीच्या मंदिरात समाज भरे. बाहेरगावाहून आलेले कुशीलव, म्हणजे नट-गायक, तिथे आपला खेळ दाखवत. दुसऱ्या दिवशी त्यांना ठरलेली बिदागी मिळे. खेळ आवडला तर त्यांना पुन्हा पाहायचे, नाही तर निरोप द्यायचा. अडीअडचणीला आणि उत्सवाला स्थानिक आणि पाहुण्या कलावंतांनी एकमेकांना साथ द्यावी, असेही तिथे सांगितले आहे. फिरत्या नाटक मंडळीचा सारा व्यवहार या चारदोन ओळींत सापडतो. हे वर्णन एखाद्या विशिष्ट नगराचे नाही. पण वात्स्यायनाला ठाऊक असलेल्या नगरांत वत्सगुल्म होते, एवढे निश्चित. आणि खेळाची जागा कोणती, तर देवळाचे आवार आणि पंचांगातला एक दिवस.

त्या काळी खास बांधलेली नाट्यगृहे नव्हतीच, असे मात्र समजू नये. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय संपूर्णपणे नाट्यगृहाच्या बांधणीला वाहिलेला आहे. लांबट, चौकोनी आणि त्रिकोणी असे तीन आकार, आणि प्रत्येकाची तीन मापे. माणसांसाठी योग्य म्हणून सांगितलेले मध्यम माप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर ९६ फूट लांब आणि ४८ फूट रुंद. त्यातले अर्धे प्रेक्षकांना, अर्धे रंगपीठाला आणि नेपथ्याला. याहून मोठे का बांधू नये, याचे कारण भरत देतो ते आजच्या कोणत्याही नटाला पटेल: आवाज विरून जातो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. वास्तू डोंगरातल्या गुहेसारखी असावी आणि खिडक्या लहान असाव्यात, म्हणजे वारा शिरत नाही आणि स्वर गंभीर राहतो. लाकूड, विटा, माती यांचे हे बांधकाम वऱ्हाडच्या उन्हापावसात टिकले असते तर नवल. दख्खनमध्ये त्या सुमाराची प्रेक्षकांच्या पायऱ्यांची जागा पाहायचीच असेल तर आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याकडे जावे लागते. इक्ष्वाकू राजांच्या काळातले तिथले पायऱ्यापायऱ्यांचे प्रेक्षास्थान नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाऊ नये म्हणून अनुपू येथे हलवून पुन्हा उभारले आहे. ते टिकले याचे कारण त्याच्या पायऱ्या लाकडाच्या नव्हत्या.

वाशिमची गोष्ट वेगळी आहे. इथे जुने नगर नव्या गावाखाली गेले आहे. त्यावर घरे, दुकाने, रस्ते आहेत. म्हणून पुरावा जमिनीत शोधण्याआधी रंगभूमीवरच शोधलेला बरा.

संस्कृत नाटकांना विदर्भाची नायिका फार प्रिय. कालिदासाची मालविका विदर्भाची राजकन्या. संकटात सापडून ती विदिशेच्या राजवाड्यात अनोळखी म्हणून राहते, गणदास नावाच्या आचार्याकडे नृत्य शिकते आणि दुसऱ्या अंकात राजासमोर नृत्य करते. नाटकाच्या आत प्रेक्षागृह, त्यात परीक्षक, आणि परीक्षक कोण, तर पंडिता कौशिकी. तीही मूळची विदर्भाचीच, हे पुढे कळते. त्याच नाटकाच्या शेवटी वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी, ही विदर्भाच्या दोन वाट्यांची सीमा ठरते. आठव्या शतकातला भवभूती तर स्वतःच विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनेत सांगितले आहे की प्रयोग भगवान कालप्रियनाथाच्या यात्रेत होत आहे. म्हणजे 'उत्तररामचरित'सारखे सूक्ष्म, रडवणारे नाटक प्रथम जत्रेच्या गर्दीपुढे उभे राहिले. जत्रेतल्या खेळाला उथळ समजणाऱ्यांनी या प्रस्तावना एकदा वाचाव्यात.

पण वत्सगुल्माला नाव घेऊन रंगमंचावर आणले ते राजशेखराने. काळ इसवी सन ९०० च्या आसपास. तो कनौजच्या प्रतिहार दरबारातला कवी. मात्र त्याचे कुळ मूळचे इकडचे. आपला पणजा अकालजलद याला तो 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणतो. त्याची 'कर्पूरमंजरी' ही सट्टक नावाच्या प्रकारातली नाट्यकृती, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्राकृतात लिहिलेली. तिचे अंक नाहीत, 'जवनिकांतरे' आहेत. जवनिका म्हणजे पडदा. दोन पडद्यांमधला भाग तो एक प्रवेशखंड. नाटकाचा हिशेब पडद्याने करणारा हा लेखक रंगमंच जाणणारा होता, याविषयी शंका उरत नाही. प्रयोगही त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेने झाला, असे प्रस्तावनाच सांगते.

या कृतीच्या नांदीतच वच्छोमचे नाव आहे. साहित्याच्या तीन रीतींचे स्मरण करताना राजशेखर विदर्भाच्या रीतीला 'वैदर्भी' न म्हणता 'वच्छोमी' म्हणतो. पुण्याच्या जोड्याला 'पुणेरी' म्हणावे, येवल्याच्या पैठणीला 'येवला' म्हणावे, तशी ही एका नगराच्या नावावर चालणारी ओळख. सर्वसेनाचे घराणे लयाला जाऊन चारशे वर्षे झाली होती, तरी कनौजच्या प्रेक्षकाला 'वच्छोमी' म्हटल्यावर काय ते कळत होते.

पहिल्या जवनिकांतरात चंडपाल राजाच्या दरबारी भैरवानंद नावाचा एक तांत्रिक येतो. काय चमत्कार दाखवू, असे विचारतो. विदूषक सांगतो, दक्षिणापथात वच्छोम नावाचे नगर आहे, तिथे एक कन्यारत्न पाहिले आहे, तिला इथे आण. मांत्रिक ध्यान लावतो आणि कर्पूरमंजरी साक्षात प्रकट होते, ती थेट स्नानाहून उठलेली, ओलेत्याने, केसांतून पाणी निथळत. पुढे कळते की ती राणीच्या मावशीची मुलगी आहे, कुंतलच्या राजाची कन्या आहे. मग राणी तिला ठेवून घेते आणि नेहमीच्या राजवाड्यातल्या प्रेमकारस्थानाला सुरुवात होते. कथेत फार नवे काही नाही, हे मान्य करावे लागेल. पण त्या एका प्रवेशाचा विचार करावा. मंचावर नगर नाही, नदी नाही, तळे नाही. ओल्या केसांची एक नटी आणि विदूषकाचे एक वाक्य, एवढ्यावर शेकडो कोसांवरचे वाशिम प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे उभे करायचे आहे.

शेवटच्या जवनिकांतरात आणखी एक ठेवा आहे. वटसावित्रीचा उत्सव चालू आहे. राजा आणि विदूषक वाड्याच्या गच्चीवरून खाली चाललेली चर्चरी नृत्ये पाहतात. टिपऱ्यांसारख्या काठ्यांचा रास खेळणाऱ्या स्त्रिया, मुखवटे घालून निशाचरांचे सोंग आणणाऱ्या आणि स्मशानाचा देखावा उभा करणाऱ्या स्त्रिया. प्रेक्षक वर, खेळ खाली अंगणात, रंगमंदिर नाहीच. विदर्भातल्या माणसाला इथे काठ्या घेऊन नाचणाऱ्या दंडारीची आठवण होईल. नावे आणि काठ्या सारख्या दिसल्या म्हणून हजार वर्षांची सलग परंपरा सिद्ध होत नाही, हे ओघाने सांगायलाच हवे. आठवण व्हायला मात्र हरकत नाही.

राजशेखराला एवढ्याने समाधान नव्हते. 'काव्यमीमांसा' या ग्रंथात त्याने एक अजब कथा रचली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला अडवण्यासाठी गौरी एक कन्या निर्माण करते, साहित्यविद्यावधू. तो पुढे, ती मागे. पूर्वेकडे जातात, पांचालात जातात, अवंतीत जातात, शेवटी दक्षिणेत येतात. प्रत्येक प्रदेशात ती वेगळा वेष घालते, वेगळे नृत्य-गायन करते, आणि त्या भुलावणीने तो वेगळ्या रीतीने बोलतो. वेषाला प्रवृत्ती, नृत्यविलासाला वृत्ती आणि वचनाला रीती हे शास्त्रातले शब्द; म्हणजे ही कथा भारताच्या प्रादेशिक नाट्यशैलींचा नकाशाच आहे. पूर्वेत तो तिच्याकडे फारसा ओढला जात नाही. पुढे पुढे मन वळत जाते. दक्षिणेत, जिथे नृत्य-गीत-विलासाची कैशिकी वृत्ती आहे, तो पूर्णपणे तिच्या स्वाधीन होतो. मग विदर्भातल्या वत्सगुल्मात, ज्याला राजशेखर मदनाचे क्रीडास्थान म्हणतो, त्या दोघांचा गांधर्वविवाह होतो. काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न लागले ते वाशिमला. भारतातल्या कोणत्याही गावाला याहून मोठी साहित्यिक उपाधी मिळाली असेल असे वाटत नाही, आणि वाशिमच्या वेशीवर तिचा फलक नाही.

इथे अजिंठ्याची आठवण अपरिहार्य आहे. वत्सगुल्म शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात आहे, आणि पहिल्या क्रमांकाचे लेणेही हरिषेणाच्याच काळातले, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या पहिल्या लेण्याच्या डाव्या भिंतीवर महाजनक जातक रंगवले आहे. राजा महाजनक संसार सोडायला निघाला आहे आणि राणी सीवली त्याला अडवू पाहते आहे. अडवण्यासाठी ती नृत्य मांडते. मध्यभागी लांब बाह्यांची चोळी घातलेली नर्तकी, तिच्या भोवती बासऱ्या, टाळ आणि चर्मवाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया. वत्सगुल्माच्या राज्यातला रंगाविष्कार आजच्या डोळ्यांना दिसेल अशी जागा एकच, ती ही. चित्रकाराने असा ताफा प्रत्यक्ष पाहिलेला असला पाहिजे. वाद्ये धरण्याची पद्धत कल्पनेने इतकी बिनचूक येत नाही.

दोन्ही कथांचा सांधा एकच आहे. निघून चाललेला पुरुष, आणि त्याला थांबवण्यासाठी मांडलेले नृत्य. अजिंठ्यात नृत्य हरते, राजा निघून जातो. राजशेखराच्या कथेत नृत्य जिंकते आणि लग्न वत्सगुल्मात लागते. या दोहोंमध्ये चारशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. राजशेखराने ते चित्र पाहिले होते असे म्हणण्याला काही आधार नाही. तरीही नृत्याच्या सामर्थ्याचा प्रश्न या एका राजधानीच्या आसपास दोनदा इतक्या गंभीरपणे विचारला गेला, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

आजच्या वाशिममध्ये फिरताना मग काय पाहावे? पद्मतीर्थ आहे. बालाजीचे देऊळ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भोसल्यांच्या अमदानीत भवानी काळू यांनी ते बांधवले. या देवळाचे वय वाकाटकांच्या मानाने कोवळे, पण कोणत्याही जुन्या देवळाच्या सभामंडपाकडे नाटकाच्या नजरेने पाहता येते. तिथे नारदीय कीर्तन उभे राहते तेव्हा बुवांच्या पहिल्या भागाला 'पूर्वरंग' म्हणतात. हा शब्द भरताचा आहे; नाटकापूर्वीच्या वाद्यमेळ, नांदी इत्यादी विधींना नाट्यशास्त्रात हेच नाव आहे. पूर्वरंग, उत्तररंग हे शब्द बोलणाऱ्या श्रोत्यांना आपण नाट्यगृहाची परिभाषा बोलत आहोत याची कल्पना नसते.

त्याहून जवळचे उदाहरण गोंधळाचे. लग्नकार्यानंतर घराच्या अंगणात धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुणे वाजू लागते, देवतांना नावाने बोलावले जाते आणि रात्रभर आख्यान चालते. सकाळी चौक मोडला की ते पुन्हा साधे अंगण. भरतानेही प्रयोगाआधी रंगदेवतांचे पूजन अनिवार्य सांगितले आहे. पूजेशिवाय रंगभूमी ही रंगभूमी होत नाही. एका रात्रीसाठी उभे राहणारे आणि सकाळी पुसले जाणारे हे नाट्यगृह कोणत्याही वारसायादीत कसे नोंदवणार? अंगणे कमी होत आहेत, गोंधळ मंगल कार्यालयाच्या दिवाणखान्यात दोन तासांवर आला आहे. पाडलेल्या नाट्यगृहासाठी निदान छायाचित्र छापून येते. अंगण गेले तर त्याची बातमी होत नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. रामनवमीला इथे मोठी यात्रा भरते, आणि नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा संग्रहालय २०२४ मध्ये खुले झाले. वाद्याच्या आकाराची इमारत बांधावीशी वाटणे, हे या जिल्ह्याला शोभणारेच म्हणायचे.

वाशिमहून अजिंठा एका दिवसात जाऊन येण्याजोगा नाही. एक मुक्काम धरावा. पहिल्या लेण्यात प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबावे आणि मग डाव्या भिंतीकडे वळावे. बोधिसत्त्व पद्मपाणीसमोर गर्दी असते. नर्तकीसमोर सहसा नसते. लेणी सोमवारी बंद असतात.